कशापेक्षा?

आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, भिंतीशी फोटो, फोटोला हार. काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. शेवटी एक म्हातारे शेजारी उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "लय चांगला माणूस होता हो."

माझ्या शेजारी मांडी घालून बसलेल्या सरांनी मान वर केली आणि विचारलं, "कशापेक्षा?"

ओसरीवरचं रडणंसुद्धा थांबलं. म्हाताऱ्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ते म्हणाले, "आँ?" तर सर त्यांना समजावून सांगायला लागले, "चांगला म्हणजे कुणाच्या तुलनेत? गावातल्या इतर माणसांच्या, का ह्यांच्याच भावाच्या?" आणि तो भाऊ समोर खांबाला टेकून बसलेला! मी सरांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून नुकतीच लागले होते. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पुढं सरांच्या संगतीत ते इतक्या वेळा वाटलं, की शेवटी धरणीनंच कंटाळून माझा नाद सोडला असावा.

परतताना मी म्हणाले, "सर, मयताच्या घरी असं विचारतात का?"

त्यांनी खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. "अगं, मी तर त्यांना मदत करायलो होतो. नुसतं चांगला म्हणून काय कळतंय? चांगलं, वाईट, लय, थोडं, हे शब्द एकटे उभेच राहात न्हाईत पोरी. त्यांना टेकायला दुसरं कायतरी लागतंय."

सर मूळचे राणीसावरगावचे. परभणीला आमच्या कॉलेजात पशुविज्ञान शिकवायचे. फळ्यासमोर पुस्तकी मराठी, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की गावची. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात कायम दुधाच्या नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या. चालताना त्या किणकिणायच्या, त्यामुळे सर येतायत हे पोरांना आधीच कळायचं आणि कॉप्या वेळेवर आत जायच्या.

त्यांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला असायच्या. डाव्यात एका कंपनीची, उजव्यात दुसऱ्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचाऱ्यांची घाईत चूक झाली असेल. मी दबकत सांगितलं तर त्यांनी दोन्ही पाय टेबलावर ठेवून मला तळवे दाखवले. "माणूस तोच, रस्ता तोच, वजन तेच. आता सांग, कोणती आधी झिजली?" दाढीही तशीच. डावा गाल एका ब्लेडनं, उजवा दुसऱ्यानं. चहा दोन कपांत अर्धा-अर्धा, एकात साखर, एकात गूळ. शहाण्या माणसानं एकदा करून सोडून द्यावं असं हे, सर आयुष्यभर करत आले होते.

काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, मी एकदा विचारलं की तुम्ही हे सगळं कसं चालवून घेता. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "लग्नाला पंचवीस वर्सं झाली तवा पोरांनी केक आणला. पाहुणे जमले. कुणीतरी ह्यांना विचारलं, संसार कसा झाला? तर हे म्हणाले, सांगता येत न्हाई, तुलनेला दुसरा केलेला न्हाई." काकूंनी भाजीची दांडी कटकन मोडली. "आता बोल."

मी मुकाट्यानं एक जुडी पुढं ओढली आणि निवडायला लागले.

पण सरांच्या एका गोष्टीपुढं मात्र हसू विसरून जायचं. त्यांची जीभ. दुधाचा घोट घेऊन गाईनं आदल्या दिवशी काय खाल्लं ते सर सांगायचे. माझा सुरुवातीला अजिबात विश्वास नव्हता. म्हटलं, आणखी एक तऱ्हा. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये सरांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गाजरगवत." कॅन्टीनवाला खवळला. "साहेब, साखर कमी असंल तर तसं सांगा, माझ्या चहाला गवत कामून म्हणायलात?" सर उठले आणि दूध घालायला आलेल्या दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागं बसून त्याच्या गोठ्यावर गेले. मीही स्कूटी घेऊन मागोमाग. कालव्याच्या कडेनं कापून आणलेला हिरव्या चाऱ्याचा भारा सोडला, तर आत गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांचे झुबके! दूधवाला हात जोडून उभा राहिला आणि माझं तोंड उघडं ते उघडंच. त्यानंतर मी सरांची मुद्दाम परीक्षा घेतली. आमच्याच कॉलेजच्या गोठ्यातल्या दोन गाईंचं दूध दोन ग्लासांत ठेवलं. सरांनी चाखलं, मिशा पुसल्या. "ही कडब्यावर हाय. हिला सरकीची पेंड चालू हाय. सरकी जिभेच्या मागं बसती." बरोबर होतं. गोठ्यातल्या माणसाला विचारून मी खात्री केली.

असा माणूस आयुष्याच्या शेवटच्या मोठ्या कामाला कशाची निवड करणार? तुलनेचीच. सेंद्रिय दूध चांगलं की नेहमीचं? जिल्ह्यात ह्यावरून तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणायचे, खत नको, कारखान्याची पेंड नको, सुई नको, गाय आजीच्या काळासारखी पाळा. दुसरे म्हणायचे, आजीच्या काळी गाय तांब्याभर दूध द्यायची ते विसरलात काय? सर दोघांनाही एकच प्रश्न विचारायचे आणि दोघंही त्यांच्यावर चिडायचे. निवृत्तीच्या आत ह्याचा निकाल लावायचा, असं सरांनी मनाशी घेतलं होतं. "लोक भांडायलेत, आणि कुणीबी शेजारी-शेजारी ठिवून बघितलं न्हाई," ते म्हणायचे. "एवढं एक मी करून जाईन. मग मेलो तरी चालंल."

अडचण एवढीच होती की तुलना करायची तर बाकी सगळं सारखं हवं. माती सारखी, पाणी सारखं, गाईंची जात सारखी. आणि असं जगात कुठं असतं?

पेडगावात होतं.

तिथं दोन सख्खे भाऊ होते. वाटणी झालेली. एकच वाडगं, म्हणजे गुरांचं आवार, मधे तुराट्यांचा कुड घालून दोन केलेलं. विहीर एक, माती एक, आणि दावणीच्या लाल कंधारी गाई एकाच घराण्यातल्या. त्या चिठ्ठ्या टाकून निम्म्या-निम्म्या वाटून घेतलेल्या. थोरला भाऊ कट्टर सेंद्रिय. गाईला घरचा कडबा, बिनखताचं हिरवं कडवळ आणि तुरीची चुणी, बस. धाकटा बरोबर उलटा. सरकीची पेंड, गोळी पेंड, गाय शिंकली की डॉक्टर. आणि दोघांत विस्तव जात नव्हता. थोरल्यानं भरल्या गावात जाहीर केलं होतं, "त्या घरची काडीसुद्धा ह्या घरात येता कामा न्हाई." धाकट्यानं त्याच्यावर कडी केली होती, "काडी कशाला, वारंबी येऊ देणार न्हाई."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून वाईट वाटलं असतं. सरांचे डोळे चमकले. स्कूटीवर माझ्या मागं बसून नमुन्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेतलेले सर परभणीपर्यंत मला ओरडून सांगत होते, "काडीसुद्धा न्हाई म्हणाला! ऐकलंस का? काडीसुद्धा न्हाई! लाखो घातले तरी असं भांडण मिळायचं न्हाई!"

काम सुरू झालं. दर आठवड्याला धारा झाल्यावर मी आणि सर पेडगावला जायचो, दोन्ही गोठ्यांतलं दूध मोजायचो, बाटल्या भरायचो. सेंद्रियला हिरवी चिठ्ठी, दुसऱ्याला पिवळी. चिठ्ठ्या मी चिकटवायचे. हे एवढ्यासाठी सांगते की पुढं त्याला महत्त्व येणार आहे.

मधेच एक भलतंच संकट आलं. भाऊबंदांनी मनावर घेतलं की हे भांडण मिटवायचं. दोघांना पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात न्यायचं, देवासमोर हातात हात द्यायचे. सरांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. आणि मग ह्या गृहस्थांनी काय करावं? ते माझ्या स्कूटीवर बसून पोखर्णीला गेले. देवळाच्या पायरीवर जमलेल्या जुन्या-जाणत्या मंडळींना हात जोडून म्हणाले, "तुमचा इरादा लय नेक हाय. पर एवढं वर्स काढा. हे एक झाले की चारा एक होईल, आणि माझी सगळी मेहनत पाण्यात."

मी लाजेनं लाल झाले. मंडळी थक्क झाली. एकजण म्हणाला, "साहेब, तुमी शिकलेले लोक भाऊ-भाऊ येगळे ठिवा म्हणायलात?"

"वर्सभर," सर म्हणाले. "नंतर खुशाल मिटवा."

आणि भाऊबंद थांबले. कॉलेजातला मोठा माणूस देवळापर्यंत येऊन विनंती करतो म्हटल्यावर थांबले. परत येताना मला त्यांचा इतका राग आला होता, की एका खड्ड्यातून मी स्कूटी मुद्दाम जोरात नेली. मागं बाटल्या किणकिणल्या. सर म्हणाले, "सावकाश, फुटतील."

निकाल यायला लागले तसे सर बुचकळ्यात पडले. दोन्ही गोठ्यांतल्या दुधात फरक म्हणावा असा दिसेना. फॅट जवळजवळ सारखी, दूध जवळजवळ सारखं. सर बाटल्या उजेडात धरायचे, घोट घ्यायचे, डोळे मिटायचे. एकदा हिरव्या चिठ्ठीच्या बाटलीवर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "माझी जीभ म्हातारी झाली, दुसरं काय." मी विचारलं, काय झालं? "काही न्हाई. नसलेलं लागायलंय."

आणि मग प्रयोगशाळेतून तो कागद आला. सेंद्रियच्या, थोरल्याच्या गोठ्यातल्या नमुन्यात औषधाचा अंश सापडला होता. कासेच्या सुजेवर जे औषध देतात त्याचा.

सर रागावलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. ते तडक पेडगावच्या दूध संकलन केंद्रावर गेले. दोन्ही भावांचं दूध इथंच यायचं. सेंद्रियला वेगळं गिऱ्हाईक अजून कुठं मिळालं होतं? ते शेवटी एकाच टँकरात जायचं. तिथं रांगेत किटल्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोर सर थोरल्याला म्हणाले, "तुमी गाईला चोरून औषध दिलं. वर्सभर मला फसवलंत."

थोरल्याच्या हातातली किटली खाली आली. पिळदार मिशांचा, ताठ मानेचा माणूस. "साहेब, पोखर्णीच्या नरसिंहाची आन घेऊन सांगतो. माझ्या गोठ्यात औषधाचा थेंब आलेला न्हाई. मी बेइमान न्हाई."

"कागद खोटं बोलत न्हाई."

"मग मी बोलतो म्हणायलात?" तो ओरडला. "तुमच्या कॉलेजच्या मेळाव्यात ह्याचा खुलासा करा. सगळ्या गावापुढं. मी चोर निघालो तर गाई सोडून देतो."

रांगेत पाचव्या-सहाव्या जागी धाकटा उभा होता. तो हसला. ते हसू मला अजून आठवतं.

कॉलेजात शेतकऱ्यांचा मेळावा ठरलाच होता, आणि त्यातच सरांना ह्या प्रयोगाचा निकाल सांगायचा होता. त्याआधी थोरल्याला रंगेहाथ पकडायचं, असं सरांनी ठरवलं. पहाटे धारेच्या वेळेला, न सांगता. उजाडता उजाडता आम्ही पेडगावात शिरलो, स्कूटी लांब लावली आणि थोरल्याच्या गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन उभे राहिलो. विद्यापीठाची पदवी घेऊन मी कुणाच्या तरी कडब्याआड चोरासारखी उभी, आणि शेजारी दोन वेगळ्या चपला घातलेले पन्नाशीपार गृहस्थ. माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते?

थोरला विहिरीवर आंघोळ करून नामस्मरण करत होता. त्या दोन्ही घरांत कासेला हात बाईचाच. गडी माणूस धारेच्या वेळी गोठ्यात थांबतच नाही, ही त्यांची जुनी रीत. आम्हाला वाटलं, आता थोरल्याची बायको येईल.

तेवढ्यात मधल्या कुडात खसफस झाली. तुराट्यांची एक पेंढी बाजूला सरली आणि त्या फटीतून डोक्यावरचा पदर दातात धरून एक बाई आत आली. हातात आंबोणाचं, म्हणजे धारेच्या वेळी गाईला घालायच्या भिजवलेल्या खुराकाचं, घमेलं. ती धाकट्याची बायको होती!

मी सरांचा दंड घट्ट धरला. सर दगडासारखे उभे.

गाय तिला बघून हंबरली. बाईनं घमेलं तिच्यापुढं सारलं, कासेला पाणी लावलं आणि चरवी गुडघ्यात धरून धार काढायला लागली. तिकडून थोरली आली. दोघींची नजरानजर झाली आणि थोरली त्याच फटीतून धाकटीच्या गोठ्यात गेली. तिच्याही हातात घमेलं होतं. जणू रोज उठून दोघी हेच करत आल्या होत्या. आणि त्या रोज उठून हेच करत आल्या होत्या!

सर गंजीआडून बाहेर आले. धाकटीच्या हातातली चरवी हिंदकळली. ती ओरडणार तोच मी पुढं होऊन म्हटलं, "बाई, घाबरू नका. आम्ही कुणाला बोलवत नाही."

सर घमेल्याशी वाकले. चिमूटभर आंबोण जिभेवर ठेवलं. "सरकी," ते पुटपुटले. "माझी जीभ म्हातारी झाली नव्हती."

"तुमी कामून करायलात हे?" त्यांनी तिला विचारलं.

धाकटीनं आधी विहिरीकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "वाटणी गडी माणसांनी केली साहेब. गाईला कुणी इचारलं? ह्या गाई वासरं होत्या तवापसून माझ्या हातच्या. चिठ्ठीत हिकडं आल्या. जाऊबाईच्या हाताला पान्हाच सोडंनात. आमच्या तिकडच्या गाई माझ्या हाताला सोडंनात, त्यांना जाऊबाईच लागतेत. मग काय गाई आटवायच्या? कुडाला फट केली."

"पर खुराक? खुराक तरी ह्याच घरचा घालायचा!"

"असं कसं?" तिला प्रश्नच कळला नाही. "दुसऱ्याच्या घरात लेक दिली म्हणून तिच्या तोंडात घालायचा घास काय दुसऱ्याचा आणायचा? माझ्या गाईला माझ्या घरचं. जाऊबाईबी तिच्या गाईला तिच्या घरचंच आणती."

म्हणजे सेंद्रियच्या गाई धारेला सरकी खात होत्या आणि सरकीवरच्या गाई धारेला सेंद्रिय खात होत्या. वर्षभर! मग दुधात फरक दिसणार कुठून? मला हसावं की रडावं कळेना. सरांच्या चेहऱ्याकडं बघायचं धैर्य होईना.

"आणि औषध?"

"सड सुजलं होतं हिचं. दगडासारखं झालं होतं. आमच्याकडची औषधाची नळी आणून सडात घातली." ती जरा ताठ झाली. "मग मरू द्यायची होती का?"

एवढ्यात थोरली फटीतून परत आली. आम्हाला बघून जागेवरच खिळली, आणि सगळं कळून सरांच्या पायांशी वाकली. "साहेब, ह्यांना सांगू नका. आमच्या दोघींचंबी माहेर लांब. बोलायला कुणी न्हाई. हा कुड हाय तवर मला माणूस हाय. ह्यांना कळलं तर हितं विटाची भिंत घालतील."

सरांनी त्या फटीकडं एकदा पाहिलं. मग धाकटीला एवढंच म्हणाले, "नळी घातली की ते दूध केंद्रावर द्यायचं न्हाई. वासरालाबी न्हाई. ओतून द्यायचं. कळलं?" तिनं मान हलवली. सर वळले आणि चालायला लागले.

स्कूटीपाशी आल्यावर मी विचारलं, "सर, मेळाव्यात काय सांगायचं?" कारण मला दिसत होतं. खरं सांगितलं तर थोरला चोर ठरत नव्हता, सरांची अब्रू राहत होती, एवढंच नव्हे तर प्रयोग का फसला ह्यावरच चांगला निबंध झाला असता. फक्त ती फट बुजली असती. आणि खरं सोडून सरांनी कधी काही सांगितलेलं नव्हतं. मयताच्या घरीसुद्धा कुणाला न सोडणारा माणूस!

सर म्हणाले, "मी पोखर्णीला गेलो होतो. आता आणिक भिंत माझ्या हातून नको."

मेळाव्याला पेडगाव लोटलं होतं. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. बायकांच्या रांगेत दोघी जावा एकमेकींकडं पाठ केल्यासारख्या बसलेल्या. एवढा सराईत अभिनय मी नाटकातसुद्धा पाहिलेला नाही. मी व्यासपीठाखाली माझ्या कागदांजवळ उभी होते. सर माईकसमोर आले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "हा प्रयोग मी रद्द करतो आहे. नमुन्यांच्या बाटल्यांची सरमिसळ झाली. कोणती कुणाची हे आता सांगता येत नाही. औषधाचा अंश पेडगावच्या गोठ्यातला नाही. चूक माझ्या हातून झाली आहे."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. चिठ्ठ्या मी लावल्या होत्या! एकही बाटली चुकली नव्हती! मी ओरडणारच होते, तेवढ्यात सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं मी जागच्या जागी राहिले.

मंडपात गलका झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "जगाला कशापेक्षा कशापेक्षा इचारणाऱ्याला सोताच्या बाटल्या सांभाळता येईनात." आमच्याच कॉलेजातले दोघंजण हसले. पहिल्या रांगेतल्या वरिष्ठांनी मान हलवत तोंड फिरवलं. आयुष्याच्या शेवटच्या कामाचा तिथं चिखल झाला होता आणि तो चिखल सरांनी आपल्या हातानं आपल्या अंगावर घेतला होता.

थोरला उभा राहिला. "भर रांगेत मला चोर म्हणालात!"

"म्हणालो," सर आता गावच्या बोलीत आले. खाली उतरून त्याच्यापुढं गेले आणि हात जोडले. "चुकलो. माफ करा. आणिक एक. माझं काम सरलं. तुमी दोघं भाऊ आता मिटवून घ्या. मागं मीच आडवा आलो होतो."

थोरल्यानं धाकट्याकडं पाहिलं. धाकट्यानं थोरल्याकडं. मग दोघांनीही तोंडं फिरवली. एकदा हुकलेली वेळ सरांच्या हात जोडण्यानं परत येणार नव्हती, आणि ते सरांना माझ्याआधी कळलं.

पण थोरल्याचा मान परत आला होता, तो त्याला चारचौघांत मिरवायचा होता. पुढच्या आठवड्यात त्यानं आम्हाला घरी बोलावलं. ओसरीवर अर्धी गल्ली जमलेली. थोरलीनं फुलपात्रात धारोष्ण दूध आणून सरांपुढं ठेवलं. आणि ती दाराआड जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमची जीभ लय हुशार म्हणतेत," थोरला मिशीवर हात फिरवत म्हणाला. "ह्या सगळ्यांपुढं सांगा. माझ्या गाईनं काय खाल्लंय?"

सरांनी घोट घेतला. डोळे मिटले. ओसरीच्या आतल्या दाराआड थोरलीचा पदर दिसत होता, हललासुद्धा नाही.

"कडबा," सर म्हणाले. "हिरवं कडवळ. तुरीची चुणी."

"आणिक?"

"आणिक काही न्हाई."

"बघा!" थोरल्यानं मांडीवर थाप मारली. "चांगलं हाय का न्हाई दूध?"

मी वाट बघत होते. सगळी ओसरी वाट बघत होती. पेडगावातल्या शेंबड्या पोरालाही आता सरांचा तो शब्द ठाऊक झाला होता. सरांनी फुलपात्र रिकामं केलं, मिशा पुसल्या.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

एवढंच. पुढं काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत सरांनी मला दिलेला सगळ्यात मोठा धक्का तो होता. मयताच्या ओसरीवरचाही त्यापुढं काहीच नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी बर्फाचा डबा उचलायचं निमित्त करून बाहेर पडले.

गाव मागं पडलं. सर माझ्या मागं बसले होते. मांडीवर रिकामा डबा, किणकिणायला बाटलीसुद्धा नव्हती. परभणीच्या अलीकडं चढावर स्कूटी हळू झाली तेव्हा ते पुढं झुकले आणि माझ्या कानाशी म्हणाले,

"धाकटीला सांग. सरकी जरा कमी टाक म्हणावं. जिभेला लय लागायलीय."